शिसपेन्सिलीएवढी धार

आमच्या गावाला पाणी देणारी बाई एकतीस वर्षं ‘तात्पुरती’ आहे. नवरा गेला आणि पंपाच्या किल्ल्या तिच्या कमरेला आल्या. कायमचा माणूस मिळेपर्यंत सांभाळा, असं कार्यालयाने कळवलं होतं. माणूस अजून शोधताहेत. सगळे तिला पाणीमावशी म्हणतात.

मी तिच्या धाकट्या मुलापेक्षाही लहान. दोन वर्षांपूर्वी इथल्या शाळेत भाषा शिकवायला आलो. तेव्हापासून आमची मैत्री आहे. ती बोलते, मी ऐकतो. पाना मागितला की देतो.

गाव उत्तरेकडचं, चाळीस उंबऱ्यांचं. पंपघर ओढ्यापलीकडे. तिथून एकच लोखंडी पाइप निघतो, पुलावरून उघड्यावर ओढा ओलांडतो, सगळ्या घरांना पाणी देत शाळेच्या फाटकाशी संपतो. तिथला नळ थंडीत कधीच पूर्ण बंद करायचा नाही. शिसपेन्सिलीएवढी धार वाहती ठेवायची. वाहतं पाणी गोठत नाही. गावात पोर चालायला लागलं की त्याला हे आधी सांगतात.

यंदा ऐन बर्फात कार्यालयातून साहेब आले. त्यांच्या बॅगेत हुकूम होता. पंप आता शहरातून बटणावर चालणार. लाइन पाहायची, सही करायची, मावशीच्या किल्ल्या घ्यायच्या. संध्याकाळी ते वही घेऊन पाइपाच्या कडेने एकटेच फिरून आले.

सकाळी एकाही घरात पाणी नव्हतं.

“हेच म्हणत होतो मी,” साहेब म्हणाले. “माणसाच्या भरवशावर लाइन चालत नाही.”

  मावशी थेट शाळेच्या फाटकाशी गेली. नळ करकचून आवळलेला होता.

“तो मीच बंद केला,” साहेब म्हणाले. “पाणी वाया जात होतं. अहवालात लिहिलंय तसं.”

 मावशीची सून म्हणाली, “साहेब, आमच्याकडे पाळण्यातल्या पोराला विचारलं असतंत तरी चाललं असतं.”

“गप गं. पाहुणे आहेत,” मावशी म्हणाली. मग साहेबांकडे वळली. “आणि पाहुण्यांनी आता हात खिशातून काढावेत. बादली धरा.”

पाइपात पाणी गोठलं होतं. पाइप फुटला तर बर्फ वितळेपर्यंत गाव कोरडं. हे सगळ्यांना माहीत होतं. घराघरांत चुलीवर बर्फ चढला.

मावशीने आधी नळ पूर्ण उघडला. मग झाडूचा दांडा घेतला. एक टोक पाइपावर, दुसरं कानाला. पान्याने पाइपावर हलकेच टकटक. “इथे वाजतंय. इथेही.” असं करत ती पुलापर्यंत पोचली. तिसऱ्या खांबाशी थांबली. दांडा साहेबांच्या हातात दिला.

“काय ऐकू येतंय?”

“काहीच नाही.”

“बरोबर. तिथेच बसलाय बर्फ.”

पाइपाला गोणपाटं गुंडाळली. त्यांवर पाणी ओतायचं, तेही कोमटच. एकाने वाफाळती किटली आणली तशी मावशी कडाडली. “पाइप तडकवतोस का? हात बुडवता येईल एवढंच ऊन हवं!” सुरुवात गावाकडच्या टोकाने. वितळलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट हवी. साहेबांनी अकरा बादल्या ओतल्या. मी मोजल्या. त्यांची सुटाची बाही कोपरापर्यंत भिजून कडक झाली होती.

दुपार झाली. शाळेच्या फाटकाशी उभी असलेली सून ओरडली, “खोकला! नळ खोकला!”

आम्ही धावलो. तांबूस पाण्याची एक गुळणी आली. मग हवा. मग पाणी. लोक हसत होते, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते.  चार वर्षं मी साहित्य शिकलो, पण इतकं नीट ऐकणारं माणूस पाहिलं नव्हतं.

मावशीने दोन बोटांनी धार बेताची केली. मग कमरेचा जुडगा सोडून साहेबांसमोर धरला.

“घ्या. ज्याला द्याल त्याला हा दांडाही द्या. आणि कान आहेत का, तेवढं विचारून घ्या.”

साहेबांनी जुडग्याला हात लावला नाही. त्यांनी वही काढली. कालची ‘पाण्याची नासाडी’ ही ओळ खोडायला गेले, तर पेनातली शाई थिजलेली. मी खिशातली शिसपेन्सिल दिली. त्यांनी ओळ खोडली.

“धार केवढी लिहू?”

“हातात आहे तेवढी,” मावशी म्हणाली.

त्यांनी पेन्सिलीकडे पाहिलं. ‘मनुष्य आवश्यक’ असं खाली लिहिलं, सही केली. हुकूम बॅगेतच राहिला.

मावशीने किल्ल्या परत कमरेला खोचल्या.

“कायमचा माणूस मिळाला की कळवा,” ती म्हणाली, आणि पंप बघायला पूल ओलांडून गेली.