निवळलेला सुतार

सुताराचा राग अख्ख्या गल्लीला ठाऊक होता. लाकूड तासायच्या त्याच्या पटाशीला कुणी नुसता हात लावला, तरी तो घर डोक्यावर घ्यायचा. गेल्या काही महिन्यांत मात्र तो गप्प झाला. त्याची आई सुनेला म्हणाली, "सुटलीस बाई, निवळला तुझा नवरा." बायकोलाही आधी हायसं वाटलं.

मग एकेक गोष्ट तिला खटकू लागली. ताटात अर्धं अन्न तसंच राहायचं. पहाटेपासून तो छताकडे बघत पडलेला असायचा. कपाटाचं दार कधीपासून कुरकुरत होतं, आणि सुताराच्या कानांना ते ऐकूच येत नव्हतं.

एका सकाळी तिने मुद्दाम त्याच्या देखत पटाशी उचलली आणि रंगाच्या डब्याचं झाकण उचकटलं. धारेचा टवका उडाला. ती शिव्यांची वाट बघत उभी राहिली.

"असू दे," तो म्हणाला. "ठेव तुलाच. मला आता काय करायचीय ती?"

तिने डबा खाली ठेवला. "चला, डॉक्टरकडे जाऊ."

एरवी डॉक्टरचं नाव काढताच भडकणारा माणूस मुकाट्याने चपला घालू लागला, तेव्हा तिने घाईघाईने त्याचा हात घट्ट धरला.