परातीत ठेवलेली गुलाबदाणी

चांदीची भांडी बनवणाऱ्या आमच्या घरात चांदीचं एकही भांडं नाही. आम्ही स्टीलच्या पेल्यातून पाणी पितो आणि देवघरातलं निरांजन पितळेचं आहे. पाहुण्यांना आमच्या साधेपणाचं कौतुक वाटतं. साधेपणा वगैरे काही नाही, आमच्याकडे चांदी टिकत नाही एवढंच.

याला कारण म्हणजे परात. शहागंजातल्या आमच्या दुकानात वजनकाट्याशेजारी एक मोठी पितळी परात असते. नवं भांडं करून घ्यायला येणारं गिऱ्हाईक जुनी, चेपलेली, तुटकी चांदी घेऊन येतं. ती मोड वजन झाली की परातीत पडते, आणि परातीतलं सगळं संध्याकाळी मागच्या कारखान्यात मुशीत आटतं. हा शिरस्ता माझ्या आजोबांनी, म्हणजे आबांनी घातला आणि आमच्याकडे तो उपासतापासांपेक्षा कडक पाळला जातो. परातीतली वस्तू कुणाची, हे विचारायची पद्धत नाही. माझ्या बारशाचे वाळे असेच गेले. काकूचा लग्नातला करंडा असाच गेला, आणि काकू तो विषय अजून काढते (शक्यतो चार माणसं जेवायला बसलेली असताना).

मी पुण्याला डिझाइन शिकून दुकानात परत आले तेव्हा या घराण्याला नवी दिशा देण्याचा माझा विचार होता. मी एक वाटी केली. नितळ, कोरी, एकही रेघ नसलेली. शेंद्र्याच्या एका कंपनीचे साहेब निवृत्तीच्या भेटवस्तू बघायला आले होते. त्यांनी ती हातात घेऊन बराच वेळ फिरवली आणि अदबीनं विचारलं, "ताई, यावर नक्षी कधी काढणार?" पुढच्या सहा महिन्यांत मी जे जे केलं त्याला हाच प्रश्न आला. माझे वडील, अप्पा, मला एका शब्दानं बोलले नाहीत. वस्तू तेवढी काचेच्या कपाटातून निघून परातीत दिसायची.

आपलं नवं कुणाला नको असेल तर निदान जुनं तरी दाखवू, म्हणून मी दुकानात आबांच्या कामाचा एक कोपरा करायचं ठरवलं. आबा हातात फक्त हातोडी घेऊन या शहरात आले होते. गल्लीतल्या हिंदूंसाठी ते पूजेची भांडी घडवायचे आणि मुसलमानांच्या लग्नांसाठी अत्तरदाण्या-गुलाबदाण्या. नक्षी मात्र दोन्हीकडे एकच, देठापानासकट डाळिंबाची. डाळिंबावर कुणाचीच हरकत नसते, असं ते म्हणायचे. पण आबांनी कागदावर कधीच काही काढलं नाही. कारखान्याच्या फरशीवर खडूनं नक्षी काढायची, काम झालं की पायानं पुसायची. आणि घडवलेलं जे काही घरात होतं ते वेळोवेळी परातीत गेलं होतं. आबांच्या हातची एकही वस्तू आमच्याकडे नव्हती.

ती मिळाली मागच्या गल्लीतल्या जमीला खालांकडे. त्यांच्या लग्नात आबांनी केलेली गुलाबदाणी. लांब मान, गोल पोट, पोटावर डाळिंबं आणि एका बाजूला चांगला अंगठाभर पोचा. खालांनी ती ओढणीत गुंडाळून माझ्या हातात दिली. त्या आठवड्यात नातवाचा निकाह होता आणि पाहुण्यांवर गुलाबपाणी याच गुलाबदाणीतून शिंपडायचं होतं. त्यामुळे शुक्रवारी सकाळी त्या स्वतः येऊन घेऊन जाणार होत्या. "सांभाळ बेटा," एवढंच म्हणाल्या.

मी सांभाळली. दुकानात आणली, हलक्या हातानं पुसली. फोटोसाठी काचेवर ठेवून पाहिली, पण चांदी पांढरी पडत होती. मागे काहीतरी पिवळं, उबदार हवं होतं. (पुण्यात आम्हाला रंगसंगतीवर एक अख्खं सत्र होतं.) शेजारी परात होती, त्या दिवशी मोड न आल्यानं रिकामी. पितळेवर ती गुलाबदाणी इतकी देखणी दिसली की मला गहिवरून आलं. फोनची बॅटरी संपली होती म्हणून मी चार्जर आणायला वर घरी गेले. आईनं संध्याकाळचा चहा टाकला होता, तो निवांत घेतला.

खाली आले तर परात रिकामी आणि मागे भट्टी चालू. अप्पा आटलेल्या चांदीची लगड थंड करत होते.

"अप्पा, परातीत एक गुलाबदाणी होती."

"व्हय. लई शुद्ध चांदी निघाली," अप्पा समाधानानं म्हणाले. "आता अशी मोड येत नाय."

ती कुणाची होती हे मी सांगितल्यावर त्यांनी चिमटा खाली ठेवला. रागावतील असं वाटलं होतं, पण ते स्टुलावर बसून राहिले. जरा वेळानं म्हणाले, "आबांची होती, आन् म्या वळखली नाय." मला तेव्हा फार वाईट वाटलं. आपल्या बापाच्या हातचं काम त्यांनी किती वर्षांनी हातात घेतलं असेल, आणि ते पोच्यामुळे मोड समजून.

अप्पांचे भाऊ, बाळूकाका आले. त्यांनी नेहमीप्रमाणे आधी चूक कुणाची हे ठरवलं (माझी), मग खाला आपल्याच माणसांतल्या आहेत, वेळ मागून घेऊ म्हणाले. अप्पा नको म्हणाले. लगड अजून दुसऱ्या चांदीत मिसळली नव्हती. तीच चांदी होती, तीच गुलाबदाणी परत घडवायची.

तिथून दोघा भावांचं जे सुरू झालं ते शुक्रवारपर्यंत संपलं नाही. डाळिंबाचं तोंड वर, असं अप्पा. खाली, असं काका. मी घाईघाईनं लॅपटॉपवर दोन्ही काढून दाखवली, तर दोघांनी एकमतानं दोन्ही नाकारली. शेवटी काकांनी खडू उचलला आणि फरशीवर रेघ ओढली. अप्पांनी ती पायानं पुसून दुसरी ओढली. पुसता-ओढता कधीतरी दोघांचेही हात थांबले. फरशीवर एक डाळिंब होतं आणि ते बरोबर होतं. दोघांना ते एकदम आठवलं. काकांनी डोळे पुसले आणि खडूच्या नावानं खडे फोडले. मी त्या डाळिंबाचा फोटो काढायला धावले, तेवढ्यात अप्पांनी सवयीनं ते पायानं पुसलं.

शुक्रवारी सकाळी खाला आल्या तेव्हा गुलाबदाणी काचेवर तयार होती. मान तीच, पोट तेच, डाळिंबं तीच. खालांनी ती उचलली. नजर माझ्याकडे, पण अंगठा गुलाबदाणीच्या पोटावर फिरत होता. एकदा फिरला, पुन्हा फिरला.

"माझा पोचा कुठंय?"

आमच्या घराण्यात तीन पिढ्या पोचे काढण्यात गेल्या. पोचा राहिला नाही म्हणून कुणी जाब विचारेल हे आमच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. अप्पांनी हात जोडले आणि मोडीपासून भट्टीपर्यंत सगळं सांगून टाकलं.

खालांनी गुलाबदाणी परत काचेवर ठेवली. मग म्हणाल्या, "आमच्या निकाहच्या दिवशी तुमच्या खालूंच्या हातनं पडली होती. हात लई कापत होते त्यांचे." खालू, म्हणजे खालांचे यजमान, जाऊन बरीच वर्षं झाली होती. "रोज पुसताना अंगठा तिथं ठेवायची मी."

मला जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं. खालांनी अप्पांना विचारलं, "चांदी तीच आहे का?"

"तीच. शपथेवर सांगतो."

"मग पोचा पण घाला."

अप्पांनी हातोडी घेतली आणि एक ठोका दिला. इतका सुबक, गोल पोचा पडला की काकांच्या तोंडून "वा" गेलं. खालांनी अंगठा ठेवला आणि नकारार्थी मान हलवली. अप्पांनी तो आतून काढून टाकला. मग काकांनी प्रयत्न केला. त्यांचा पोचा दोन डाळिंबांच्या बरोबर मधोमध आला, जणू नक्षीतच होता; तोही काढावा लागला. दोघांच्याही हातांना वाकडं काही करताच येत नव्हतं.

खालांनी गुलाबदाणी माझ्या हातात दिली. "तू कर बेटा. तुझ्याच हातनं गेली ना?"

आबांची नक्षी, खालांचं लग्न, अप्पा-काकांची मेहनत, सगळं माझ्या हातात, आणि हात असे कापायला लागले की कुठं मारावं हेही ठरेना. मी हातोडी उचलायला गेले आणि गुलाबदाणी निसटली. शहाबादी फरशीवर आपटून घरंगळत खालांच्या पायाशी जाऊन थांबली.

अप्पांनी डोळे मिटून घेतले. खालांनी वाकून ती उचलली आणि अंगठा फिरवला. अंगठा थांबला. त्यांचे डोळे भरून आले आणि त्या हसल्या.

"हां," त्या म्हणाल्या. "असाच."

निकाहात तिच्यातूनच गुलाबपाणी शिंपडलं गेलं, थोडं माझ्याही डोक्यावर. दुकानातला आबांचा कोपरा अजून रिकामाच आहे. पण इतकी वर्षं डिझाइन शिकून माझं एक तरी काम गिऱ्हाइकाला पहिल्या झटक्यात पसंत पडलं, आणि त्यावर नक्षी कधी काढणार, असं कुणीही विचारलं नाही.