माईंच्या कपाळावरची अक्षरं

माझे मामा चष्म्याचे दुकानदार. तीस वर्षं त्यांनी लोकांना स्पष्ट दिसावं म्हणून जिवाचं रान केलं. घरी आलेल्या पाहुण्याचा चष्मा जरा वाकडा दिसला, की पाणी विचारायच्या आधी तो त्याच्या नाकावरून उतरवून सरळ करून देणार.

अशा माणसाला प्लास्टिकच्या कॅमेऱ्याचं वेड लागावं!

झालं असं, की नातीसाठी मामांनी खेळण्यांच्या दुकानातून एक कॅमेरा आणला. निळा, साबणाच्या डबीइतका हलका, भिंगसुद्धा प्लास्टिकचं. पण खरी फिल्म घालायची. नातीने खोकं ठेवून घेतलं आणि कॅमेरा मामांना परत दिला. आता पैसे गेलेच आहेत तर म्हणून मामांनी रोल भरला. मागचं झाकण आपोआप उघडायचं, त्याला रबरबँड लावला.

रोल धुऊन यायला आठ दिवस लागले. बारा फोटोंपैकी सात काळे, चार धुरकट, आणि एकात मामीच्या डोक्यातून स्कूटर बाहेर पडत होती. एक फोटो काढल्यावर फिल्म पुढे सरकवायला मामा विसरले होते. ते इतके हसले, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"अहो, यात हसण्यासारखं काय आहे?" मामी म्हणाली.

"अगं, काय निघेल ते मला तरी कुठे ठाऊक होतं!"

तेव्हापासून मामा कामातून गेले. मोबाइलवर लगेच दिसणारे फोटो त्यांना शिळे वाटायला लागले. रोल धुवायला टाकला की रोज दुपारी लॅबवाल्याला फोन. तो बिचारा मामांचा नंबर दिसला की "नाही झाला" म्हणूनच फोन उचलायचा.

मग मामीच्या आईचा पंचाहत्तरावा वाढदिवस आला. त्यांना आम्ही सगळे माई म्हणतो. माईंचं आणि मामांचं दोन वर्षं वाजलेलं होतं. "तुमचा चष्म्याचा नंबर वाढलाय," असं मामा एकदा चारचौघांत म्हणाले होते. "माझे डोळे ठणठणीत आहेत," म्हणून माईंनी बोलणंच टाकलं. वाढदिवसाला मामांनी लांबूनच त्यांचा एक फोटो काढला.

रोल आला आणि मामांचा चेहरा पडला. फिल्म सरकवायची पुन्हा राहिली होती, आणि त्याच चौकटीवर आधी दुकानातला डोळे तपासायचा तक्ता टिपलेला. माईंच्या कपाळावर भलंमोठं 'क', गालांवर मधली अक्षरं आणि हनुवटीवर मुंग्यांएवढी. मामांनी फोटो उशीखाली लपवला. मामीला चादर बदलताना तो सापडला आणि तिने तो थेट आईच्या हातात दिला.

माईंनी फोटो जवळ धरला, लांब धरला.

"क," माई म्हणाल्या. "ग, म. ट, प, र…" हनुवटीपाशी गाडी अडली. "जावईबापू, ही खालची ओळ काय आहे हो?"

मामा चाचरत म्हणाले, "तेच तर मी दोन वर्षांपूर्वी…"

"ओळ विचारली, दोन वर्षं नाही विचारली!" माई कडाडल्या, आणि फस्सकन हसल्या. "पण सुरकुत्या छान झाकल्यात हो अक्षरांनी. हा मोठा करून द्या मला."

तो फोटो आता त्यांच्या बैठकीच्या खोलीत आहे. आलेल्या प्रत्येकाला माई तो वाचायला लावतात.

पुढच्याच महिन्यात माईंनी स्वतःसाठी लाल कॅमेरा मागवला. आता दर रविवारी सकाळी सासू-जावई बाहेर पडतात आणि कोणी झाकण नीट लावलं नाही यावरून भांडत परत येतात. माईंनी पहिला अख्खा रोल मामांवर खर्च केला. भिंगावर बोट आलं होतं. बाराही फोटोंत फक्त एक गुलाबी डोंगर.

मामांनी ते सगळे अल्बममध्ये लावले आणि खाली लिहिलं: 'मी, बागेत.'