राणीच्या कपाळाला कुंकू

माझ्या लग्नाच्या पत्रिकांवर जी तिकिटं लागली, त्यांवरची विलायतेची राणी मरून बरीच वर्षं झाली होती. तिच्यामागून गादीवर बसलेला मुलगाही गेला होता आणि पोस्टात नातवाच्या छापाची नवी तिकिटं मिळत होती. तरी आमच्या पत्रिकांवर राणीच. त्याला कारण माझी आई.

आमचं घर शहापूरचं, विणकराचं. शहापूर संस्थानात आणि लागून असलेलं बेळगाव इंग्रज सरकारात, त्यामुळं बाजाराला गेलं तरी आम्ही राज्य बदलून यायचो. वडील आणि त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे आप्पा, दोघंही लुगडी विणायचे. निपाणी-कोल्हापूरच्या दुकानदारांना पत्रं मात्र वडीलच लिहायचे. त्यांना सगळं घाऊक घ्यायची खोड. सूत घाऊक, गूळ घाऊक, तशी पोस्टाची तिकिटंही. मी लहान असतानाच ते तापानं गेले आणि तिकिटांचा पत्र्याचा डबा तसाच राहिला. आप्पांना लिहायचा कंटाळा, ते येत्याजात्याबरोबर निरोप धाडायचे. डबा आईनं आपल्या ट्रंकेत ठेवला.

चौदाव्या वर्षी निपाणीच्या तंबाखूच्या व्यापाऱ्याच्या घरी माझं लग्न ठरलं. पत्रिका छापून आल्या. आमच्याकडं पत्रिका घराबाहेर पडण्याआधी तिच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावतात, आणि ते काम सवाष्णींचं. काकू, म्हणजे आप्पांची बायको, गल्लीतल्या बायका घेऊन पुढल्या सोप्यात बसली. आई आत सुताच्या कांड्या भरत राहिली. नवरा गेलेल्या बाईनं कुंकवाच्या करंड्याला हात लावायचा नाही, अशी रीत. काकू वाईट नव्हती, हे आधीच सांगते. वडलांमागं तिनं मला पोटच्या पोरीसारखं वाढवलं. पण रीत म्हटली की तिच्यापुढं देवाचंही काही चालत नसे.

आईला माझ्या लग्नात कुठंतरी हात लावायचा होता. एवढीच तिची हौस. कन्यादान आप्पा-काकू करणार, हळद दुसऱ्या बायका लावणार, मांडवात तिला उभं राहायलाही जागा नव्हती. तिनं दारातूनच विचारलं, "आक्का, तिकिटं मी लावू का? ह्यांनी आणून ठिवल्यात. तेवढा तरी त्यांचा हात लागंल पोरीच्या लग्नाला."

"लाव की," काकू म्हणाली. "तिकिटाला कसला आलाय इटाळ?"

डब्यातली तिकिटं पावसाळ्यांच्या ओलीनं एकमेकांना चिकटून बसली होती. आईनं ती कोमट पाण्यात सोडवली, फडक्यावर वाळवली. मूळचा डिंक पाण्यात धुऊन गेला. मग विणकराच्या घरात जे हाताशी असतं तेच तिनं घेतलं, सुताला लावायची खळ. ती राण्या चिकटवत होती आणि मधूनच काहीतरी गुणगुणत होती. आईला गळा आहे हे मला त्या दिवशी कळलं.

संध्याकाळी काकूनं गठ्ठा बांधायला घेतला आणि तिचा हात थांबला.

"अगं बाई, ही तर रंडकी राणी गं!"

त्या राणीची तसबीर तेव्हा कितीतरी दुकानांत टांगलेली असायची. डोक्यावरून पांढरं वस्त्र, तोंड उतरलेलं. तिचा नवरा लवकर गेला आणि पुढं जन्मभर तिनं काळंच नेसलं, हे बाया एकमेकींना अशा सांगायच्या की वाटावं, ती पलीकडच्या आळीत राहते. तिकिटावर ती तरुण होती, मुकुट घातलेली. पण काकूला कोण फसवणार?

"काढ सगळी," काकू म्हणाली. "लग्नाच्या पत्रिकेवर ह्ये तोंड नगं."

आई एका तिकिटाचा कोपरा नखानं उचलायला गेली. पण खळ ती. मागावर ताण्याचा धागा तुटू देत नाही, ती कागद कशी सोडेल? तिकिटाबरोबर पत्रिकेची साल निघाली. एक फाटली, दुसरी फाटली. तिसरी हातात घेऊन आई तशीच बसली, डोळे भरून.

नव्या पत्रिका छापायला आता सवड नव्हती. आप्पा मागावरून उठून आले. "जाऊ द्यात तशाच. कोण बघतंय?"

काकूनं डोकं चालवलं. "मग राणीला कुंकू तरी लावू." आणि खरंच, बायका परत फतकल मारून बसल्या. एकेका तिकिटावर, राणीच्या कपाळाला, कुंकवाचा ठिपका. आई दाराआडून बघत होती, मोकळ्या कपाळानं.

मला आधी हसू आलं आणि मग असा राग आला की कानशिलं तापली. नवऱ्या मुलीनं मान खाली घालून बसायचं असतं. पण माझ्या जिभेला हाड नाही ते तेव्हापासूनचं. मी म्हटलं, "काकू, मेलेल्या राणीला लावतीस, मग माझ्या आईला का न्हाय?"

काकूचं बोट करंड्यातच राहिलं. तिच्या तोंडावर राग नव्हता, भीती होती. आईच धावत आली आणि माझ्या दंडाला असा चिमटा काढला की हिरव्या चुड्याच्या वर काळानिळा डाग घेऊन मी बोहल्यावर चढले.

"गप गं भवाने," आई म्हणाली. "तिला चालतंय. ती राणी हाय."

पोस्टातल्या माणसानं राणी पाहिली नाही की कुंकू. धाडधाड शिक्के मारून मोकळा झाला. लग्नाला सगळे आले. अक्षता पडल्या तेव्हा आई चुलीपुढं होती.

पुढं निपाणीत माझ्या थोरल्या मुलीचं लग्न निघालं. ते लढाईचे दिवस. कागद मिळेना, तरी कशाबशा पत्रिका छापल्या. सासूबाई तोवर गेल्या होत्या आणि घरात माझा शब्द चालायचा. आईला मी मुद्दाम आधीच आणवून घेतलं. ती आली तशी तिकिटांचा कागद घेऊन कोपऱ्यात बसली. तिनं आपलं काम आपणच ठरवून टाकलं होतं.

सवाष्णी जमल्या. मी करंडा उचलला आणि आईपुढं नेऊन ठेवला. "पहिल्या पत्रिकेला तू लावायचंस."

माझं तोंड सगळ्या गल्लीला ठाऊक, त्यामुळं कुणी ब्र काढला नाही. आईच मागं सरली. "नगं गं. पोरीचं काय वाईट झालं म्हंजे?"

"माझ्या वक्ताला तू लावलं न्हवतंस," मी म्हटलं, "तरी माझी दोन लेकरं गेलीच की. लाव तू."

आईनं माझ्याकडं पाहिलं, मग मांडीवरच्या पत्रिकेकडं. नुकतंच तिनंच चिकटवलेलं तिकीट, त्यावर नवा राजा. तिनं पत्रिका डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ नेली.

"ह्येची बायको हाय न्हवं जिती?"

"व्हय, जिती हाय."

"मग हरकत न्हाय," आई म्हणाली, आणि तिनं बोट कुंकवात बुडवलं.