हिरवळीवरची पिवळी रेघ

पाऊस सरला आणि अंगणातल्या हिरवळीच्या मधोमध एक पिवळी रेघ दिसू लागली. मला वाटलं, कीड असेल. माळीबुवांनी वाकून पाहिलं. म्हणाले, "कीड नाही, वहिनी. साहेबांच्या येरझाऱ्या आहेत."

रिटायर झाल्यापासून हे रोज सकाळी फाटकापासून पारिजातकापर्यंत फेऱ्या मारतात. व्यायाम म्हणतात. मीही तेच मानत होते. पण व्यायाम करणारा माणूस दर फेरीला फाटकाशी थांबून रस्त्याकडे कशाला बघेल?

माळीबुवांनी माती मोकळी केली, शेणखत पसरलं आणि पंधरा दिवस तिथे पाय ठेवायचा नाही म्हणून बजावलं. आता कोवळं गवत आलंय. हे दिवाणखान्यात फेऱ्या मारतात. फरशीवर काहीच उमटत नाही, तरी केर काढताना मी वाकून बघते.