न उघडलेला डबा

फुटबॉलच्या मैदानात गोलकीपर आडवा झाला, की मी आधी त्याच्याकडे बघत नाही. त्याचे बाकीचे दहा गडी कुठं पळतात ते बघतो. खरंच लागलं असेल तर ते त्याच्याभोवती गोळा होतात, एखादा घाबरून हात हलवत मला बोलावतो. पण तेच गडी पाठ फिरवून रेषेबाहेरच्या कोचकडे धावले, तर पडलेल्याला काही झालेलं नसतं. कोचला दोन मिनिटं हवी असतात, एवढंच.

ही नजर मला फुटबॉलनं दिली नाही, फौजेनं दिली. वीस वर्षं मी नर्सिंग असिस्टंट होतो. रोज सकाळी आजारी जवानांची रांग लागायची. कुणी काखेत कांदा धरून ताप आणलेला, कुणी तंबाखू गिळून छाती धडधडवून घेतलेली, कुणाची कंबर नेमकी दौडीच्या दिवशी धरलेली. डॉक्टरसाहेब आत तपासायचे आणि मी मागच्या खिडकीशी उभा राहायचो. लंगडत आलेला जवान लंगडतच बाहेर पडायचा. पाण्याची टाकी ओलांडली, आता आपल्याला कुणी बघत नाही अशी खात्री झाली, की त्याचा पाय आपसूक सरळ व्हायचा. मी आत जाऊन साहेबांच्या कानात सांगायचो. जवान माझ्या नावानं बोटं मोडायचे, साहेब पाठ थोपटायचे. मला दोन्ही आवडायचं, खोटं कशाला बोलू.

निवृत्त होऊन मी मिरजेत घर केलं. सकाळी एका दवाखान्यात मलमपट्टी करतो, आणि सामने असले की दुपारी मैदानावर पत्र्याचा पांढरा डबा घेऊन बसतो. डब्यात बर्फ, स्प्रे, कापूस आणि क्रेप बँडेज. सगळे मला डॉक्टर म्हणतात. सुरुवातीला मी प्रत्येकाला दुरुस्त करायचो, मग नाद सोडला.

फुटबॉलमध्ये खेळ थांबवून मसलत करायची सोय नाही. कबड्डीत टाइम आउट मागता येतो, इथं नाही. मैदानात एखाद्यावर उपचार केले तर त्याला थोडा वेळ बाहेर जावं लागतं आणि संघ एका गड्यानं कमी पडतो. गोलकीपरला मात्र बाहेर जावं लागत नाही, गोल मोकळा कसा ठेवणार? ही फट कुणीतरी टीव्हीवरच्या मोठ्या सामन्यांत हेरली आणि बघता बघता आमच्याकडंही आली. समोरचा संघ चढून यायला लागला, की इकडचा गोलकीपर मांडी धरून खाली. मी डबा घेऊन धावत जायचो, तो डोळे मिटून कण्हायचा आणि तेवढ्यात कोच बाकीच्यांना कुणी कुणाला धरायचं ते समजावून सांगायचा. बोलणं संपलं की गडी टुणकन उभा. माझ्या वयाला ते धावणं झेपत नव्हतं, ते वेगळंच.

आमचे पंच म्हणजे एका हायस्कूलचे पीटीचे मास्तर. तेही या सोंगांना कंटाळले होते, पण खरं लागलेल्याला कार्ड दाखवलं तर पाप लागायचं. शेवटी आम्ही दोघांनी एक खूण ठरवली. मला दुखणं खरं वाटलं तर मी डबा उघडायचा. खोटं वाटलं तर डबा न उघडता नुसता शेजारी ठेवायचा. बंद डबा दिसला की पंचांचा हात पिवळ्या कार्डाकडे जायचा. त्या पावसाळ्यात मी फार थोड्या वेळा डबा उघडला, आणि ही खूण लवकरच सगळ्या मैदानाला कळली.

आता भाच्याचं सांगतो. माझी धाकटी बहीण शिराळ्याजवळच्या एका गावात दिलेली आहे. तिचा हा एकुलता एक. लहानपणी माझ्या ट्रंकेतली टोपी डोक्यावर घालून अंगणात सलाम ठोकत फिरायचा. त्याला फौजेतच जायचं होतं. दोन भरत्या हुकल्या होत्या, एकदा धावण्यात काही सेकंदांनी आणि एकदा लेखी परीक्षेत. नागपंचमीनंतर महिन्याभरात तिसरी होती आणि ती शेवटची, कारण पुढच्या वेळेला वय बसत नव्हतं.

तो फुटबॉल खेळायचा तो पुढच्या फळीत. नुसता वारा. त्या वर्षी मात्र मिरजेच्या स्पर्धेला त्याच्या तालुक्याचा संघ आला, तर हा गोलात उभा. मी विचारलं, हे काय खूळ? म्हणाला, पळून पळून कंटाळा आला मामा, जरा उभं राहून बघतो. मला ते पटलं नाही. भरतीसाठी रोज पळणारा पोरगा पळायला कंटाळतो कसा? मी ठरवून टाकलं की हा आळशी झालाय, तयारीत चुकारपणा करतोय आणि माझ्यापासून लपवतोय. लपवतोय एवढं मी बरोबर ओळखलं होतं.

पहिल्याच सामन्यात तो आडवा झाला. त्याचे दहा गडी सरळ कोचकडे. मी जवळ गेलो तर डोळा मारून हसला. मी डबा बंदच ठेवला, त्याला पिवळं कार्ड मिळालं. दुसऱ्या सामन्यातही तेच. आता सगळ्या मैदानाला माहीत झालं होतं की शिराळ्याकडचा गोली नंबर एकचा नाटकी आहे. तो पडला की प्रेक्षकांतून टाळ्या पडायच्या. मला लाज वाटायची. जन्मभर ज्यांना पकडलं, त्यांच्यातलाच एक माझ्या बहिणीच्या पोटी आला होता.

उपांत्य सामन्यात त्यांचा संघ एका गोलनं पुढं होता आणि पंधराएक मिनिटं उरली होती. मैदानाचा नुसता चिखल झालेला. डावीकडून चेंडू आला, भाचा वळला आणि कुणाचा धक्काही न लागता कोसळला. गडी कोचकडे धावले. मी डबा घेऊन गेलो. त्याच्या वरच्या ओठावर घाम होता आणि मुठीत मुळासकट उपटलेलं गवत. मी ते दोन्ही बघितलं. मनात म्हटलं, लेकाचा बराच तयार झालाय.

त्यानं डोळे उघडले, हसला आणि हळूच म्हणाला, "नाटक हाय, मामा. दोन मिनटं बसा हितंच."

माझं टाळकंच सरकलं. मी डबा त्याच्या शेजारी आदळला आणि हात मागं बांधून उभा राहिलो. पंचांनी कार्ड काढलं. प्रेक्षक माझ्यासाठी टाळ्या वाजवत होते. भाचा उठला, चिखल झटकला आणि उरलेला वेळ खेळला. गोलकिका मात्र त्यानं स्वतः मारल्या नाहीत, बचावातल्या एकाला मारायला लावल्या. हेही वेळ काढायचं सोंग आहे, असं मी पंचांना जाऊन सांगितलं. संध्याकाळी चहाच्या गाड्यावर लोक म्हणाले, डॉक्टरांनी सख्ख्या भाच्यालाही सोडलं नाही. मी तो चहा फार चवीनं प्यालो.

पंचमीला मी बहिणीकडे गेलो. आदल्या दिवशी तिनं माझ्यासाठी उपवास धरला होता, दरवर्षी धरते. पंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, म्हणून तिनं पुरणाची दिंडं उकडायला ठेवली होती. भावजी ओट्यावर शेजाऱ्यांशी बोलत बसले होते. मी पाय धुवायला मागच्या मोरीत गेलो. तिथल्या खिडकीतून गच्चीचा लोखंडी जिना दिसतो. पावसाची भुरभुर सुरू झाली होती आणि भाचा वरून वाळत घातलेली कापडं काढून खाली येत होता.

तो उलटा उतरत होता. तोंड जिन्याकडे, एक हात कठड्याला, आणि एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवून. उजवा पाय तो ओढून घेत होता. शेवटच्या पायरीवर टेकून त्यानं गुडघा दोन्ही हातांनी दाबून धरला. तेवढ्यात आईनं हाक मारली. तो उठला, कापडं खांद्यावर टाकली आणि अंगण ओलांडून शीळ घालत ताठ चालत घरात गेला.

मी ओल्या पायांनी तसाच उभा राहिलो. वीस वर्षं खिडकीतून मी हेच बघत आलो होतो, पण उलटं. चारचौघांत लंगडणारा आणि एकटा असताना सरळ चालणारा माणूस मला झोपेतही ओळखता आला असता. हा चारचौघांत सरळ चालत होता आणि एकटा असताना लंगडत होता. असा माणूसही असू शकतो, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. खरं तर शिकवायची गरज नव्हती. भरतीच्या दारात उभी असलेली पोरं दुखणी लपवतात हे कुठल्या फौजीला माहीत नाही? काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

मी त्याला गोठ्यामागं बोलावलं आणि पँट वर करायला लावली. गुडघा सुजून गोल झाला होता. मी दाबला तर तो तोंडातून आवाज काढेना, नुसता माझ्याकडं बघत राहिला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. उन्हाळ्यात खेळताना पाय पिरगाळला होता. सरळ पळताना चालायचं, वळताना गुडघा जागचा निसटायचा. खेळ सोडला असता तर गावानं विचारलं असतं, आईला कळलं असतं, आणि मग मला. म्हणून गोलात उभा राहिला.

"गुडघा निसटला की जाग्यावर बसवायला मला दोन मिनटं लागत्यात," तो म्हणाला. "ती मागायची कशी? मग मीच कोचना म्हनलं, मी पडतो, तुमी तेवढ्यात पोरांस्नी काय सांगायचं ते सांगून घ्या. नाटकी म्हनून नाव झालं ते बरंच झालं. कुनी इचारत न्हाई."

मला उपटलेलं गवत आठवलं. मी तिथंच गव्हाणीवर बसलो.

तो म्हणाला, धाव सरळच असते, निघून जाईल. मेडिकलला उकिडवं बसवतात, तेवढं कसं बसायचं ते तुम्ही शिकवा, तुम्हाला सगळं माहीत आहे. खरंच मला माहीत होतं. त्यानं माझा हात धरला.

"मामा, म्हैनाभर डबा उघडू नका. एवढ्या येळा न्हाई उघडला, आजून एकदा."

मी हात सोडवून घेतला. आत येऊन पानावर बसलो. बहिणीनं दिंडं वाढली, वर तुपाची धार धरली. पंगतीला भावजी होते, दोन शेजारी होते, आणि भाचा पाण्याचा तांब्या घेऊन फिरत होता. मी एक घास घेतला आणि सगळ्यांच्या देखत सांगून टाकलं, ह्याचा गुडघा गेलाय, ह्याला भरतीला पाठवू नका. बहिणीचा हात तुपाच्या वाटीवर तसाच राहिला. भाच्यानं तांब्या खाली ठेवला आणि सगळ्यांसमोरून एकदम सरळ चालत बाहेर गेला.

मिरजेत तपासणी झाली. आतला लिगामेंट तुटला होता. डॉक्टर म्हणाले, असाच रेटला असता तर आतली गादीही फाटली असती आणि मग जन्माचं लंगडणं होतं. मी मुद्दाम विचारलं, सरळ धावून भरती निघाली असती का? ते म्हणाले, निघालीही असती, सांगता येत नाही. भरतीच्या दिवशी तो पाय उशीवर ठेवून पडला होता. बहीण सगळ्यांना सांगते, दादा होता म्हणून पोराचा पाय वाचला.

मला आता स्वतःचाच संशय येतो. गोठ्यामागंच मी त्याला समजावू शकलो असतो. एकट्याला दवाखान्यात नेऊ शकलो असतो, मग आईला सांग म्हणालो असतो. भरल्या पंगतीत बोलायची काय गरज होती? त्याच्या गुडघ्याच्या काळजीनं बोललो, का एका पोरानं मला सबंध स्पर्धाभर फसवलं ते सहन झालं नाही म्हणून? मागच्या खिडकीतून बघितलेलं आत जाऊन सांगायची सवय जडली होती, आणि ती मला आवडतही होती. कितीदा उलटून पालटून बघितलं, पण छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

मैदानावर अजून जातो. हल्ली कुणीही पडला की मी आधी डबा उघडतो. पंच माझ्यावर चिडतात. म्हणतात, डॉक्टर, तुम्ही बिघडलात.

यंदाच्या पंचमीला पुन्हा शिराळ्याकडं गेलो. भाचा आता शिरवळला एका कंपनीत आहे, सणाला आला होता. आल्या आल्या माझ्या पाया पडला. पाण्याचा तांब्या दिला, पानात आग्रहानं जास्तीचं दिंड वाढलं आणि शेजाऱ्यांना हसत म्हणाला, आमच्या मामांच्या नजरेतून काही सुटत नाही. सगळे हसले. बहीण मला डोळ्यांनी म्हणत होती, बघ, पोरगं सगळं विसरलं.

जेवणं झाल्यावर भावजी शेजाऱ्यांना पोचवायला गेले, बहीण आत गेली, आणि ओट्यावर आम्ही दोघंच उरलो. मी विचारलं, "गुडघा कसा हाय रं?"

त्यानं मान वळवली आणि रस्त्याकडं बघत बसला. मी पुन्हा विचारलं. त्यानं ऐकलं होतं. मला साहेबांच्या कानात मी रोज सांगायचो ते आठवत होतं, की चारचौघांतलं धरू नका साहेब, एकटा असताना कसा असतो ते धरा.

भावजी फाटकाशी दिसले, तसा तो उठला.

"मामा, च्या घेनार न्हवं?" त्यानं हसून विचारलं.

मी हो म्हणालो. तो चहा सांगायला आत गेला. मी त्याच्या चालण्याकडं बघत राहिलो. पाय अगदी सरळ पडत होता.