वालूरची एक मिनिटाची गाणी

वालूरला मी गाव बघायला गेलो नव्हतो, चोरी पकडायला गेलो होतो.

साल एकोणनव्वद. मी औरंगाबादला इंजिनिअरिंगला होतो. मावसभावानं अमेरिकेहून एका हार्डकोर पंक बँडची कॅसेट आणली होती. मिनिटभराची गाणी, त्यात सरकारला आणि युद्धाला किंचाळून दिलेल्या शिव्या. अख्ख्या मराठवाड्यात ती फक्त माझ्याकडे आहे, या तोऱ्यात मी वावरायचो. हॉस्टेलवर बँडही काढला होता. रूममेट सिद्धार्थ ती कॅसेट रोज ऐकायचा. मग तो शिक्षण सोडून गावी गेला, आणि दिवाळीनंतर कळलं, की त्यानं लिहिलेली विद्यापीठाच्या नामांतराची गाणी परभणी जिल्ह्यात गावोगाव म्हणतात. सगळी मिनिटभराची.

माझ्या बँडचं एकही गाणं हॉस्टेलचा जिना उतरलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी मी जिंतूरची एसटी धरली.

जालना, मंठा करत देवगाव फाट्याला उतरलो. तिथं मिरचीची भजी खाऊन घ्या, पुढे पोटभर काही मिळेल याचा भरवसा नाही. फाट्यावरून सेलू आणि सेलूहून वालूरची जीप. ती गच्च भरल्याशिवाय हलत नाही. दोन्ही बाजूंना काळं रान, कापूस फुटलेला. शेजारच्या बाईंनी विचारलं,

"कुणाकडं जायलाव?"

"सिद्धार्थकडं."

"गाण्यावाला सिधू? लय मोठं काम करायलाय पोरगं."

त्या 'लय'नं माझी भजी आंबट झाली.

ऊन उतरल्यावर विहारासमोर गाणं झालं. गिटार नाही. एक ढोलकी, एक रिकामा रॉकेलचा डबा आणि रानातून नुकत्याच आलेल्या बाया. "पाटी तुमची, अक्षर आमचं, लिहा नाव, लिहा आता!" मी चाल ताडून बघत होतो. एकही चाल कॅसेटमधली नव्हती. उचलला होता तो फक्त वेग.

"हे माझ्या टेपवरनं केलंस," मी तरी म्हणालोच.

"तर काय. सगळ्यांला सांगतो की, दोस्ताच्या टेपवरनं सुचलं म्हणून. शब्द कळले न्हाईत मला. पण पोलीस येईस्तोवर गाणं संपलं पायजे, एवढं कळलं."

त्याच्या आईनं भाकरी आणि अंबाड्याची भाजी वाढली. "खा बाबा, लांबून आलास," म्हणाली, आणि मग हळूच, "गाणं सुरू झाल्यापसनं याच्या बापाला कुणी कामाला बोलवीना."

"मग थांबव ना," मी सिद्धार्थला म्हणालो. त्यांना वाटलं, काळजीनं बोललो. मला खरंच वाटत होतं की त्यानं थांबावं.

"तू थांबला असतास?"

मला कधी कुणी थांबवलंच नव्हतं. रेक्टर एकदा आवाज कमी कर म्हणाले, मी केला. त्या घरात भाकरी खाताना मला त्याच्या गाण्यांचा हेवा वाटत होताच, त्या गाण्यांपायी त्याला जी किंमत मोजावी लागत होती तिचाही वाटला. हे लिहायला आजही लाज वाटते.

सकाळच्या जीपनं परत निघालो. त्याच महिन्यात मी बँड मोडला, कारण अभ्यासाचं सांगितलं. चौऱ्याण्णवला विद्यापीठाचं नाव बदललं तेव्हा मी पुण्यात नोकरीला होतो. सिद्धार्थचं पत्र आलं. अख्ख्या वालूरनं ते 'लिहा नाव' गाणं म्हटलं, दहा वेळा, सावकाश. मी उत्तर लिहिलं नाही.

आता त्या गाण्यांवर पोरं लेख लिहितात. मराठीतलं पहिलं पंक कुणी केलं, असं कुणी विचारलं की मी अजूनही म्हणतो, "आम्ही."